खिशातील यंत्राची डागडुजी



विकत आणलेली वस्तू आहे तशी वापरणे हा आपल्याकडील घरांचा स्वभाव नव्हे. सायकल घरात आली की तिच्या मागे कॅरियर बसतो, पुढील दांड्यावर लहान मुलासाठी बैठक बसते, आणि आठ दिवसांत कारखान्यातून निघालेली ती सायकल ह्या घराची सायकल होते. छत्रीच्या कापडावर नाव रंगवून घेतले जाते. शिवणयंत्राच्या एका पायाखाली लाकडाची चकती सरकवली जाते, कारण त्या कोपऱ्यातील फरशी खचलेली असते आणि हे कारखानदाराला ठाऊक असण्याचे काही कारण नसते. अशा फेरफारांना कोणी शोध म्हणत नाही. त्यांची नोंद कोठे होत नाही. पण वस्तू आपली होते ती त्यांच्यामुळेच.

आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याच्या पोटात ना चाक होते ना दांडा. ते यंत्र म्हणजे खिशात मावणारा एक संगणक. त्याला चकती सरकवायची ती लाकडाची नव्हे, तर सूचनांची, म्हणजे प्रोग्रामची. ही चकती नेमकी कोठे सरकवता येत असे आणि ती सरकवताना कोणते भान ठेवावे लागे, एवढेच मला सांगावयाचे आहे. हे यंत्र आज बाजारात नाही. माझ्या टेबलाच्या खणात मात्र आहे, आणि बॅटरी घातली की अजून चालते.

जेफ हॉकिन्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९९२ साली पाम कॉम्प्युटिंग ही कंपनी काढली. हातात धरून लेखणीने लिहिता येईल असे संगणक त्या काळी इतरांनीही केले होते. ॲपल कंपनीचा न्यूटन १९९३ साली निघाला, पण तो खिशात शिरत नसे. हॉकिन्सने उलट बाजूने सुरुवात केली. त्याने सदऱ्याच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात घालून हिंडू लागला. कोणी भेटीची वेळ विचारली की तो गंभीर चेहऱ्याने ठोकळा बाहेर काढी आणि काडीने त्यावर टिपण केल्याचा आविर्भाव करी. पाहणाऱ्यांना काय वाटले असेल ते असो. यंत्र तयार होण्यापूर्वी त्याची सवय करून पाहण्याची ही रीत मला मोठी शहाणपणाची वाटते.

त्या ठोकळ्यातून १९९६ साली ‘पायलट’ नावाचे यंत्र जन्मास आले. त्याचे दोन प्रकार होते. एकात १२८ किलोबाइट स्मृती होती, दुसऱ्यात ५१२. करड्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १६० ठिपके. आत मोटोरोला कंपनीचा १६ मेगाहर्ट्झचा गणक. दोन लहान पेन्सिल-सेलवर ते कित्येक आठवडे चाले. त्यात चार मुख्य कामे होती: रोजनिशी, पत्त्यांची वही, करावयाच्या कामांची यादी आणि टिपणवही. पडद्याखालच्या चौकटीत एका फटकाऱ्याचे एक अक्षर, अशा पद्धतीने लिहावे लागे. इंग्रजी ‘ए’ काढताना मधली आडवी रेघ गाळून नुसते डोंगराचे शिखर काढले की पुरे. माझ्या हाती आले ते १९९७ सालचे ‘पामपायलट’. माझ्या एका आतेभावाने १९९९ साली परदेशातून येताना स्वतःचे जुने यंत्र मला आणून दिले, आणि देताना म्हणाला, ‘ह्याच्यात फार काही नाही रे, पण जे आहे ते बिघडत नाही.’ पुढे मी ते पुष्कळदा बिघडवले, ही गोष्ट मी त्याला कळू दिली नाही.

ह्या यंत्राची अंतर्रचना समजून घेतल्यावाचून पुढील गोष्टीत गोडी वाटणार नाही. म्हणून थोडे तिच्याकडे वळतो.

घरातील मोठ्या संगणकात काम करण्याची जागा वेगळी आणि साठवण्याची जागा वेगळी असते. आपण लिहितो एकीकडे आणि मग ते दुसरीकडे जपून ठेवतो. जपायचे विसरलो की हळहळतो. पामपायलटमध्ये जपून ठेवण्याची आज्ञाच नव्हती. लिहिलेले अक्षर जेथे उमटले तेथेच राहिले. सारे काही एकाच स्मृतीत असे, आणि ती स्मृती विजेच्या धारेवर जिवंत असे. बॅटरी बदलताना साधारण मिनिटभराची सवड मिळे. तेवढ्यात नवे सेल बसले नाहीत तर पत्ते, टिपणे, जन्मतारखा सगळे पुसले जाई. मेजावरील एका घडवंचीत यंत्र ठेवून, घरच्या संगणकावर त्याची नक्कल उतरवून घेण्याची सोय होती. शहाणी माणसे ती रोज वापरत, आणि बाकीची माणसे एकदा पस्तावल्यानंतर वापरू लागत.

एवढ्याशा स्मृतीत एक प्रोग्राम दुसऱ्याच्या टिपणांवर लिहून बसला तर अनर्थ. म्हणून साठवणीच्या भागाला कुलूप असे. प्रोग्रामने तेथे परस्पर काही लिहू नये. यंत्राच्या मूळ व्यवस्थेकडे विनंती करावी, तिने जागा तपासावी आणि मग लिहावे. प्रोग्रामचा एकेक तुकडाही मर्यादित असे. उडी मारण्याच्या आज्ञेला मागेपुढे ३२ किलोबाइटपलीकडे पोहोचता येत नसे, म्हणून कार्यक्रम त्या मापात बसवावा लागे. आजच्या भ्रमणध्वनीवरील एक साधे छायाचित्रही ह्याच्या कितीतरी पट जागा खाते. पण मर्यादेचा एक गुण असा की, माणसाला सगळे यंत्र डोक्यात मावते. एकटा माणूस, नोकरीधंदा सांभाळून, रात्री जेवणानंतर दोन तास बसून हे यंत्र आतून-बाहेरून शिकू शके.

आता मुख्य गोष्ट. प्रोग्रामला पडद्यावर काही लिहायचे असो, आवाज काढायचा असो, तारीख विचारायची असो, तो हे काम स्वतः करीत नाही. तो मूळ व्यवस्थेला सांगतो. पण ती व्यवस्था नेमकी कोठे बसली आहे, तिचा पत्ता काय, हे त्याला ठाऊक नसते. तो केवळ एक क्रमांक उच्चारतो. यंत्राच्या स्मृतीत एक तक्ता असतो. त्यात क्रमांकापुढे पत्ता लिहिलेला असतो. क्रमांक उच्चारला की तक्ता पाहायचा, आणि त्या पत्त्यावर जाऊन काम करून परत यायचे. हा तक्ता मुद्दाम पुसता-लिहिता येईल अशा स्मृतीत ठेवलेला होता. मूळ व्यवस्था कारखान्यात कायमची कोरली गेल्यावर तिच्यात चूक आढळली तर काय करावे? तक्त्यातील त्या क्रमांकापुढचा पत्ता खोडावा, नवा लिहावा आणि नव्या पत्त्यावर सुधारलेले काम ठेवावे. कारखानदाराने स्वतःच्या चुका निस्तरण्यासाठी ठेवलेली ही खिडकी होती. तिच्यातून आपल्यालाही हात घालता येतो, हे लोकांच्या ध्यानी यायला वेळ लागला नाही.

समजा, आवाज काढण्याचे काम मला थोडे बदलावयाचे आहे. तक्त्यात त्या क्रमांकापुढचा पत्ता मी टिपून ठेवला, आणि तेथे माझा पत्ता लिहिला. आता कोणीही आवाजाची मागणी केली की ती प्रथम माझ्याकडे येते. मला हवे ते मी करतो आणि मग ती मागणी मूळ पत्त्यावर पाठवून देतो. जुन्या वाड्याच्या देवडीवर जसा पहारेकरी बसतो, तसा मी त्या क्रमांकाच्या दाराशी बसलो. अशा पहारेकऱ्यास तिकडे ‘हॅक’ म्हणत. शब्द दांडगा आहे. त्याला पुढे जो चोरीचा वास आला तो येथे मनात आणू नये.

एक पहारेकरी असे तोवर ठीक. दुसरा आला की भांडण सुरू. पहिल्याने मूळ पत्ता टिपून ठेवलेला. दुसऱ्याने पहिल्याचा पत्ता टिपलेला. आता पहिला नोकरी सोडून निघाला आणि जाताना त्याने तक्त्यात मूळ पत्ता लिहून टाकला, तर दुसरा आपला दाराशी बसलेला, पण त्याच्याकडे कोणी येतच नाही. उलट तो दुसरा निघाला आणि त्याने पहिल्याचा पत्ता लिहिला, पण पहिला तर केव्हाच घर सोडून गेलेला! मग मागणी रिकाम्या जागी जाऊन आदळे, आणि यंत्र जागच्या जागी गोठून जाई. पाठीमागच्या बारीक छिद्रात कागदाला लावायच्या टाचणीचे टोक खुपसून त्याला पुन्हा शुद्धीवर आणावे लागे. माझ्या खिशात त्या काळी अशी सरळ केलेली एक टाचणी कायम असे. सदऱ्यांना भोके पडत.

हे भांडण एडवर्ड कीझ ह्या गृहस्थाने मिटवले. त्याच्या प्रोग्रामचे नाव ‘हॅकमास्टर’. त्याची युक्ती साधी होती. पहारेकऱ्याने जुना पत्ता आपल्याजवळ ठेवायचाच नाही. तो हॅकमास्टरने सांभाळायचा. आलेली मागणी पुढे पाठवायची वेळ आली की प्रत्येक वेळी विचारायचे, ‘माझ्या अलीकडे ह्या जागी कोण होते?’ हॅकमास्टर उत्तर देई, आणि मागणी त्याच्याकडे जाई. मधला एखादा निघून गेला तर हॅकमास्टर आपली नोंद बदली; साखळीतील कोणाला त्याचा पत्ताही लागत नसे. यंत्र कोसळून पुन्हा उठले तर तो आपण होऊन विचारी, ‘पूर्वीची मंडळी पुन्हा कामावर घ्यायची काय?’ ज्याच्यामुळे पडझड झाली असा संशय असे, त्याला वगळून बाकीच्यांना बोलवता येई. एकमेकांस कधी न भेटलेल्या, निरनिराळ्या देशांत बसलेल्या माणसांनी लिहिलेले आठदहा फेरफार एकाच खिशात सुखाने नांदत, ते ह्या एका रीतीमुळे. प्रत्येक लेखकाला आपल्या कृतीसाठी चार अक्षरांची एक खूण घ्यावी लागे, आणि ती कंपनीकडे नोंदवावी लागे, म्हणजे दोघांची एकच खूण निघू नये. केवळ लहान लिपीतील अक्षरे असलेल्या खुणा कंपनीने स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या.

ह्या फेरफारांचे मासले पाहण्यासारखे आहेत. आज्ञांची यादी उघडण्यास पडद्याखालील एका चिन्हावर टेकावे लागे. कीझनेच लिहिलेल्या ‘मेन्यूहॅक’मुळे वरच्या शीर्षकावर लेखणी टेकवली तरी ती यादी उघडू लागली. हात सारखा खाली नेण्याचा त्रास वाचला. एवढीच गोष्ट, पण पुढे कंपनीने आपल्या व्यवस्थेच्या साडेतीन क्रमांकाच्या आवृत्तीत तीच सोय स्वतः करून दिली. ‘स्विचहॅक’मुळे मागच्या प्रोग्रामकडे एका फटकाऱ्यात परतता येई. ‘आफ्टरबर्नर’ नावाचा एक उतावळा फेरफार गणकाची गतीच वाढवी. बॅटरीही त्याच उत्साहाने संपे.

आणि एक होता अक्षरवळण बदलणारा. तो पाहून माझ्या मनात अर्थातच देवनागरी आली. यंत्राची लिपी २५६ खुणांची. तिच्यातील रोमन अक्षरांच्या जागी मी देवनागरीचे तुकडे बसवायचे ठरवले. काना, मात्रा, अर्धी अक्षरे. आपली छापखान्यातील मंडळीही त्या काळी संगणकावर अशाच तुकड्यांनी मजकूर जुळवत. पण साध्या अक्षराची पूर्ण उंची अकरा ठिपक्यांची! शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, आणि मधे अक्षराचा देह. ‘कि’ आणि ‘की’ ह्यांतील फरक दाखवण्यास दोन ठिपके उरत. शिवाय पहिली वेलांटी उच्चारात मागून येते आणि लेखनात पुढे बसते, तेव्हा ती आधी लिहावी लागे. दोन आठवडे खपून मी ‘पुणे’ हा शब्द वाचता येईल असा उमटवला, आणि त्याच क्षणी पत्त्यांच्या वहीतील इंग्रजीत लिहिलेली सगळी नावे अगम्य झाली. दंतवैद्य कोणता आणि मावशी कोणती, हे कळेना. तो प्रयोग मी तेथेच सोडला. पण आपली लिपी यंत्राकडून काय काय मागते, हे मला पुस्तकांतून कळले नसते इतके त्या अकरा ठिपक्यांनी शिकवले.

प्रोग्राम लिहायचे कोठे? बहुतेक लोक घरच्या संगणकावर लिहीत आणि घडवंचीतून यंत्रात उतरवीत. पण यंत्रावरच लिहून तेथेच चालवता येईल अशीही साधने निघाली होती. ‘पॉकेट-सी’ हे त्यांपैकी एक. यंत्राच्या टिपणवहीत सूचना लिहायच्या आणि ह्या साधनाने त्या चालू करायच्या. टिपणवहीचे एक टिपण चार किलोबाइटपलीकडे वाढत नसे, म्हणून प्रोग्रामचेही तेवढेच हप्ते पाडावे लागत. एका फटकाऱ्याच्या अक्षरांत महिरपी कंस काढणे ही एक स्वतंत्र साधना होती. पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाडीत बसून मी कर्जाचे हप्ते मोजणारा एक लहानसा प्रोग्राम असा लिहिला. घाट संपेपर्यंत तो चुकीचे उत्तर देत होता. कल्याणच्या अलीकडे बरोबर देऊ लागला. शेजारच्या प्रवाशाने त्याच वेळात तोच हिशेब वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने केला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

आता माझ्या स्वतःच्या पहारेकऱ्याची हकीकत. ती सांगण्यास मला आनंद होत नाही.

२००१ साली माझ्या आईच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांत औषधाचे थेंब ठरावीक वेळी घालायचे होते. वेळा मी यंत्राच्या रोजनिशीत लिहिल्या आणि प्रत्येकीला गजर लावला. आई झोपलेली असे तेव्हा मी शेजारी बसून काही टिपत असे. लेखणी टेकली की यंत्र ‘टिक्’ असा बारीक आवाज करी, आणि शांत खोलीत तोही कानाला मोठा वाटे. आई कूस बदली. यंत्राचे आवाज बंद करण्याची सोय मुळात होती. नाही असे नाही. पण ती सगळे व्यवस्थाध्वनी एकदम बंद करी, आणि काही चुकल्यास होणारा इशारा मला हवा होता. हे झाले सांगायचे कारण. खरे कारण म्हणजे मला नवा पहारेकरी बसवण्याची हौस आली होती.

यंत्राचे ठरीव ध्वनी सात होते आणि त्यांना एक ते सात असे क्रमांक होते. चूक दाखवणारा तिसरा, लेखणीच्या टिकटिकीचा सातवा. माझा पहारेकरी एका पोस्टकार्डावर मावेल एवढा होता. त्यात मी लिहिले: तीन क्रमांकाची मागणी आली तर पुढे पाठव, नाहीतर गप्प परत जा. चालवून पाहिला. टिकटिक थांबली. चूक केली तर इशारा वाजला. मी खूश होऊन यंत्र उशाशी ठेवले.

पाचवा क्रमांक गजराचा होता.

दुपारी तीनचे थेंब राहिले. यंत्राने वेळेवर जागे होऊन पडद्यावर सूचना दाखवली होती, पण आवाजाची मागणी देवडीवर आली आणि माझ्या पहारेकऱ्याने ती परतवून लावली. मी खुर्चीतच डुलकी घेत होतो. साडेचार वाजता आईनेच विचारले, ‘अरे, तुझं ते यंत्र आज बोललं नाही का?’ डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आता लगेच घाला आणि पुढच्या वेळा पाळा, एवढेच सांगितले. डोळ्याला काही झाले नाही. पण आईने त्या दिवसापासून कोनाड्यात गजराचे जुने घड्याळ आणून ठेवायला लावले, आणि दोन्ही वाजल्याखेरीज ती डोळा उघडू देईना.

चूक एका ओळीची होती. मी म्हणायला हवे होते: सातवा आला तर परत पाठव, बाकी सगळे जाऊ दे. मी म्हटले होते: तिसरा जाऊ दे, बाकी सगळे परत पाठव. माझ्यापुरता दोहोंचा परिणाम सारखा होता, कारण मला दोनच ध्वनी आठवत होते. ज्या पाचांचा मी विचारच केला नव्हता, त्यांच्याविषयीचा निर्णय मी न कळत घेऊन बसलो होतो. हॅकमास्टरबरोबर येणाऱ्या मार्गदर्शनात जुना पत्ता विचारून मागणी पुढे द्यावी, हे लिहिलेले होते. मी ते वाचलेही होते. पण पुढे देणे हे यंत्र बंद पडू नये म्हणून करावयाचे, अशी माझी समजूत होती. खोलीत झोपलेल्या माणसाशी त्याचा संबंध आहे, हे मला तोवर समजले नव्हते.

ही देवडीच पुढे बंद झाली. २००२ साली पामची पाचवी व्यवस्था निघाली आणि यंत्राचा गणक बदलला. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून नव्या गणकावर जुन्या गणकाची नक्कल करणारा एक थर घालण्यात आला. रोजनिशी, हिशेब, खेळ हे त्या थरावर बहुतांशी जसेच्या तसे चालत राहिले. पण क्रमांकांच्या तक्त्यात हात घालण्याची जुनी सोय राहिली नाही. व्यवस्थेचे खरे काम आता त्या थराच्या खाली चाले, आणि आपल्या पहारेकऱ्याच्या दारावरून कोणी जातच नसे. कंपनीवर ठपका ठेवावा असे मला वाटत नाही. यंत्रे परस्परांशी बोलू लागली, त्यांत बँकेचे व्यवहार येऊ लागले. दारात कोणालाही बसू देणे धोक्याचे झाले होते. माझ्यासारखा एक निष्काळजी पहारेकरी काय करू शकतो, हे तर मी आपणांस आताच सांगितले. तरी मला चुटपुट लागली. आजच्या भ्रमणध्वनीत लाखपटींनी स्मृती आहे, पण शीर्षकावर टेकल्यावर काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या मालकाला क्वचितच असतो. पाम कंपनी २०१० साली ह्यूलेट-पॅकार्डने घेतली आणि २०११ साली त्या यंत्रांचे उत्पादन थांबले.

प्रोग्राम मात्र टिकले, आणि ते टिकण्याचे श्रेय पुन्हा अशाच एका हौशी माणसाकडे जाते. ग्रेग ह्यूगिल ह्याने ‘कोपायलट’ नावाचा प्रोग्राम लिहिला होता. तो घरच्या संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब पायलट उभा करी. पुढे पाम कंपनीनेच तो आपलासा करून प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती दिला. त्यात ‘ग्रेम्लिन’ म्हणून एक खोडकर सोय होती. ती आपल्या प्रोग्रामवर वाटेल तेथे लेखणी टेकवी, वाटेल ते लिही, वाटेल त्या क्रमाने, न थकता, तासन्‌तास. एखाद्या धीट नातवाच्या हाती यंत्र द्यावे तसे. त्यातून तावून निघालेला प्रोग्राम सहसा कोसळत नसे. ह्याच घराण्यातला आजचा वंशज वापरून इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेने २०२२ साली जुन्या पाम-प्रोग्रामांचा मोठा संग्रह सर्वांना चालवून पाहता येईल असा खुला केला.

माझ्या खणातील यंत्रापुढे मात्र एक वेगळीच अडचण उभी आहे, आणि ती टळणारी नाही. ह्या यंत्राच्या रोजनिशीत तारीख सोळा घरांत लिहिली जाते. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. दिवसाला पाच घरे, महिन्याला चार आणि वर्षाला सात. सात घरांत शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत आकडे मावतात. वर्षाची मोजणी मॅकिंटॉश संगणकाप्रमाणे १९०४ पासून होते. १९०४ मध्ये १२७ मिळवा: २०३१. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरनंतर ह्या यंत्राला उद्या नाही. सेकंद मोजणारा त्याचा अंतर्गत गणिती २०४० सालच्या फेब्रुवारीपर्यंत पोहोचू शकतो. पण रोजनिशीचे पान त्याआधीच संपते.

ह्यावर उपाय करावयास मी गेल्या वर्षी बसलो. आपली इंग्रजी दिनदर्शिका दर अठ्ठावीस वर्षांनी त्याच वारांसह परत येते. मधे लीप नसलेले शतकवर्ष येऊ नये, इतकीच अट. २००० हे लीप वर्ष होते, म्हणून २१०० पर्यंत काळजी नाही. २०३२ चा पहिला दिवस गुरुवार आहे; २००४ चाही गुरुवारच होता. तेव्हा २०३२ उजाडले की यंत्राला २००४ सांगावे, आणि तारीख अक्षरांत लिहून देणाऱ्या कामांच्या दाराशी एक पहारेकरी बसवावा. त्याने आलेल्या वर्षात अठ्ठावीस मिळवून मागणी पुढे द्यावी. यंत्र आतून २००४ समजेल, माणूस बाहेरून २०३२ वाचील. ही सोय २०५९ पर्यंत पुरते. गणेश चतुर्थी मात्र ह्या युक्तीला बधत नाही. तिथींचा मेळ अठ्ठावीस वर्षांनी बसत नसतो, तेव्हा सण पंचांगावरूनच लिहावे लागतील.

जुन्या नोंदीही अठ्ठावीस वर्षे मागे न्यायला हव्यात. त्यासाठी सगळी रोजनिशी एकदा चाळून तारखा बदलणारा दुसरा लहानसा प्रोग्राम लागतो. तो लिहिताना मी थबकलो. वाढदिवसासारख्या दरवर्षी येणाऱ्या नोंदीला शेवटची तारीख नसते. ‘शेवट नाही’ हे यंत्र कसे लिहिते? सोळाही घरांत एक लिहून. तारीख म्हणून वाचले तर ती २०३१ सालच्या पंधराव्या महिन्याची एकतीस तारीख होते. तिच्यातून भाबडेपणाने अठ्ठावीस वजा केले असते, तर घरातील सगळ्यांचे वाढदिवस एका नसलेल्या महिन्यात संपले असते. मी ओळ लिहिली: सोळाही घरांत एक असेल तर हात लावू नकोस.

दोन्ही प्रोग्राम संगणकावरील पायलटमध्ये घातले आणि रात्रभर ग्रेम्लिनच्या हवाली केले. सकाळी ते उभे होते. एकदोन कोपऱ्यांत अजून २००४ डोकावते. तेथे एखादा प्रोग्राम वर्षाचा आकडा स्वतःच्या हाताने काढीत असावा, तो शोधायचा आहे. मग खणातील यंत्र काढले, नवे सेल घातले आणि कालदर्शक २००४ सालच्या पहिल्या जानेवारीवर आणला. पडद्यावर २०३२ उमटले. पुढचे काही तपासण्याआधी मी रोजनिशीत दोन मिनिटांनंतरची एक नोंद केली, तिला गजर लावला, यंत्र बंद करून उशाशी ठेवले आणि वाट पाहत बसलो. तो वाजला.